झिरोचा करंट

पगार ज्याला मिळतो तो लाइनमन आणि खांबावर जो चढतो तो झिरो. हिंगोलीच्या खेड्यापाड्यांत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. झिरो म्हणजे ज्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही, पण ज्याच्यावाचून गावातला एक बल्ब पेटत नाही असा माणूस. जवळा बाजारच्या पलीकडं माळावर बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. त्या तांड्यातला रूपसिंग असा झिरो होता, आणि एकदोन नव्हे, चांगली वीस वर्षं होता.

पगारी लाइनमन होते किशनराव. पोट पुढं, गुडघे अधू. ते खांबाखाली मोटारसायकलवर एक पाय टेकवून बसायचे आणि वर बघून म्हणायचे, "सांभाळून रे रूपसिंग." एवढा सल्ला दिला की त्यांचं काम संपलं. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला स्वतः फराळाचा डबा घेऊन रूपसिंगच्या घरी यायचे. शेतकरी सुगीला ज्वारी, तूर, हळद घालायचे आणि त्यावर रूपसिंगचं घर चालायचं. नव्वदनंतर विहिरींवर मोटारी वाढल्या, तशी त्याची मागणी वाढली. पुढं परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा त्याला वाटलं, नवा जिल्हा म्हणजे नवी भरती, आता आपलं नाव लागणार. जिल्हा नवा झाला. रूपसिंग जुनाच झिरो राहिला.

पण डोकं काय होतं गड्याचं! कुठल्या डीपीवर कुणाच्या किती मोटारी, कुठला खांब कलला आहे, कुणाच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, तार खाली लोंबते, सगळं त्याला तोंडपाठ. डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर. तिच्या वरच्या अंगाला तीन फ्यूज असतात, त्यांना म्हणतात डीओ. लांब काठीनं डीओच्या तीन नळ्या उतरवल्या की त्या डीपीची सगळी लाइन मेली. त्यातली एक नळी जरी परत चढवली, तरी तारेत जीव आला. म्हणून रूपसिंग नळ्या उतरवून आपल्या पिशवीत टाकायचा आणि पिशवी गळ्यात अडकवून वर चढायचा. नळ्या आपल्याजवळ तर जीव आपल्याजवळ, असा त्याचा हिशेब.

शिवाय त्याची एक चिंधी होती. त्याची बायको जिवनबाई हिनं फेटिया, म्हणजे तांड्यातल्या बायांचा आरशाचा घागरा, सोडून साडी धरली, तेव्हा त्या फेटियाची एक लांब लाल पट्टी रूपसिंगनं कापून घेतली. मधोमध गोल गोल आरसे. वर चढायच्या आधी ही पट्टी तो डीपीच्या खांबाला बांधायचा. उन्हात आरसे असे चमकायचे की तीन शेतं पलीकडून दिसायचे. आरसा चमकतोय म्हणजे रूपसिंग वर आहे, डीपीला कुणी हात लावायचा नाही. हा कायदा त्या सगळ्या शिवारात लेकराला ठाऊक होता.

करंटनं रूपसिंगला कधी दगा दिला नाही. दिला तो माशीनं. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात एका खांबाच्या लोखंडात गांधीलमाश्यांनी घर केलं होतं, ते त्याला दिसलं नाही. माश्या तोंडावर उठल्या, हात सुटला आणि तो खाली बांधाच्या दगडावर डोक्यानं आला. नांदेडच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होता. हाडं जुळली, जखम भरली, टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहे. घरी आल्यावर जिवनबाईच्या लक्षात आलं की नशीब आलंय, पण माणूस पुरता आलेला नाही.

त्याचं मन एका जागी बसेना. बादली आणायला उठायचा आणि दावं घेऊन परत यायचा. एक बिडी ओठात पेटलेली असताना दुसरी पेटवायचा. एकदा बाजाराच्या दिवशी जवळ्याला मीठ आणायला म्हणून गेला आणि कुठल्याशा जीपमध्ये बसून वारंगा फाट्याला उतरला. तिथल्या हॉटेलवाल्यानं ओळखलं म्हणून घरी तरी पोचला. "कामून गेला व्हतात तिकडं?" जिवनबाईनं विचारलं. "जीप उभी व्हती," तो म्हणाला. त्याला खरोखर तेवढंच माहीत होतं. बसला की उठावंसं वाटायचं आणि उठला की कशाला उठलो ते आठवायचं नाही. दिवसभर अंगणात येरझारा. आपल्यातलं काय गेलंय हे त्याला पुरतं कळत होतं, आणि त्याचाच त्याला जास्त जाच होता.

त्याची जागा घेतली जिवनबाईच्या धाकट्या भावानं, प्रेमदासनं. झिरोचीही गादी असते म्हणा! प्रेमदास काम रूपसिंगच्याच हाताखाली शिकलेला, आणि दाजींवर त्याची श्रद्धा अशी की देवावर नसेल. रोज संध्याकाळी येऊन दाजींना त्या दिवसाचं काम सांगायचा. दाजी पहिलं वाक्य ऐकायचे आणि दुसऱ्या वाक्याला त्यांची नजर कोंबडीमागं जायची.

अशी तीन वर्षं गेली. दोन हजार नऊला तपासणीसाठी नांदेडला गेले, तेव्हा तिथं डॉ. उझ्मा भेटली. हिंगोलीचीच पोरगी, पुढचं शिक्षण घेत होती. डोक्याला मार लागून ज्यांची आठवण आणि लक्ष कमी झालंय, अशा लोकांवर तिचा अभ्यास चालला होता. कपाळाच्या दोन्ही बाजूंना मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज बांधायचे, एका छोट्या डबीतून बारीकसा करंट सोडायचा आणि त्याच वेळी लक्ष देण्याचा सराव करून घ्यायचा.

करंट म्हटल्यावर जिवनबाई उठूनच उभी राहिली. "शॉक? येड्या मान्साला देत्यात तो? न्हाई बाई. आमचा मानूस इसरतो, येडा न्हाई."

"हा तो शॉक नाही मावशी," उझ्मा म्हणाली. "यात झटका नाही, बेशुद्धी नाही. टॉर्चच्या सेलमधून निघावा एवढासा करंट. मेंदू थोडा सुस्तावला असेल तर यानं तो जागा व्हायला तयार होतो, आणि मग केलेला सराव चांगला मुरतो, असं काही ठिकाणी दिसलंय. खरंच तसं होतं का, ते आम्ही बघतोय."

रूपसिंग हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. "मॅडम, अकरा हजाराच्या तारंखाली माझी जिंदगी गेली. हे तुमचं यंत्र म्हंजी लेकराचं खेळणं. बांधा बिनधास्त. करंट मला वळखतो."

उझ्मानं मग पुढचं सांगितलं, कारण सांगणं भाग होतं. अभ्यासात सगळ्यांना खरा करंट मिळणार नाही. अर्ध्या लोकांचं यंत्र सुरू होऊन लगेच आतल्या आत बंद होतं. नुसत्या भरवशानं किती फरक पडतो आणि करंटनं किती, हे वेगळं कळावं म्हणून. कुणाच्या वाट्याला काय आलंय ते रोग्यालाही सांगत नाहीत, आणि तिलाही माहीत नसतं. रूपसिंगच्या चेहऱ्यावरून त्याला हे उमगलं नाही असं तिला वाटलं. मग पोरीनं आपल्या परीनं सोपं करून सांगितलं, "म्हणजे बघा काका, कुणाला करंट, कुणाला झिरो."

तो एक शब्द तिनं वापरायला नको होता. त्या शब्दाची रूपसिंगशी किती जुनी सोयरीक आहे, ते तिला कुठून ठाऊक असणार? बाकीचं सगळं विसरणाऱ्या माणसाच्या डोक्यात तेवढा शब्द खिळ्यासारखा बसला.

दवाखान्याजवळ एका नातलगाकडं दोघं राहिली आणि रोज सकाळी जाऊ लागली. यंत्र सुरू झालं की स्पंजाखाली मुंग्या यायच्या. मुंग्या आल्या की रूपसिंग सावध होऊन बसायचा. थोड्याच वेळात त्या कमी कमी होत जायच्या आणि मग काहीच नाही. समोर उझ्मा आकडे म्हणायची, ते त्यानं उलटे म्हणायचे. शब्द सांगायची, ते त्यानं मागाहून आठवायचे. पडद्यावर ठरावीक चित्र दिसलं की बटण दाबायचं. हात बटणावर असायचा आणि मन स्पंजाखाली. बंद झालं. लाइन गेली. आज पण गेली. ज्याची सगळी हयात तारेत जीव आहे की नाही हे ओळखण्यात गेली, त्याला कोण फसवणार? त्यानं पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला, की इथंही आपण झिरोच.

गंमत अशी, की गडी सुधारत होता. चहाचा कप संपेपर्यंत हातात राहू लागला. उलटे आकडे आधी तिसऱ्यालाच अडायचे, ते पुढं जाऊ लागले. एका सकाळी रस्त्यातून जाताना त्यानं जिवनबाईला बजावलं, "काल तू छत्री इसरली व्हतीस, आज धर." जिवनबाईला रस्त्यातच रडू आलं. दोन आठवडे संपल्यावर उझ्मानं सांगितलं की घरी सराव चालू ठेवा, तीन महिन्यांनी तपासायला या, आणि कुठलंही काम एकट्यानं जोखमीचं करू नका.

तांड्यात आल्यावर प्रेमदास खूश. दाजी त्याचं पूर्ण बोलणं ऐकून घेऊ लागले होते, मधेच एखादा सल्लाही देत होते. एक दिवस तो म्हणाला, "दाजी, उद्यापासून माझ्यासंगं या. चढायचं काम न्हाई. नुसतं डीपीखाली नळ्या धरून उभे ऱ्हा. तुमी खाली हाव म्हणलं की मला धीर ऱ्हाईल."

रूपसिंगनं लगेच हो म्हटलं नाही. नळ्या धरायच्या म्हणजे वरच्या माणसाचा जीव हातात धरायचा. नको म्हणावं, तर पोराच्या डोळ्यांत इतका आनंद. हो म्हणावं, तर कशाच्या जोरावर? आपल्याला मिळाला झिरो. मग ही सुधारणा आली कुठून? आली तशी जाईल. खोट्या करंटवर आलेली आठवण खोटीच असणार, ती प्रेमदास वर असतानाच दगा देणार. ही टोचणी त्याला बसू देईना की जेवू देईना. शेवटी तो हो म्हणाला आणि त्याच दिवशी त्यानं ठरवलं, की जो करंट मॅडमनं दिला नाही, तो आपण आपल्या हातानं घ्यायचा.

करंटची कसली टंचाई त्याच्या घरी! किशनरावांच्या जुन्या मोटारसायकलची बॅटरी गोठ्यात पडलेली होती, तिच्यात अजून जीव होता. फाटक्या सीटचा फोम कापला, मिठाचं पाणी केलं, दोन वायरी सोलल्या, वरून पागोटं आवळलं. अधिकची वायर कुठं आणि उण्याची कुठं हे त्यानं नांदेडला बघितलं होतं. पण बघितलेलं डोक्यात टिकत नाही, म्हणूनच तर तो नांदेडला गेला होता! दुपारी जिवनबाई शेतात निंदणीला गेली की गडी गोठ्यात. कपाळावर जळजळ सुरू व्हायची आणि त्याला बरं वाटायचं. ह्याला म्हणतात करंट. मुंग्या थांबेपर्यंत नव्हे, सोसवेपर्यंत ठेवायचा. मोटार पाणी उचलत नसली तर व्होल्टेज कमी पडतं, हे त्याचं आयुष्यभराचं गणित. तेच त्यानं डोक्याला लावलं.

दोनचार दिवसांत त्याला इतकी तरतरी वाटू लागली की झोप लागेना. डोळे उघडे ते उघडेच. डोक्यात एकामागून एक गोष्टी धावत सुटायच्या, आणि त्याला वाटायचं, आठवण परत येतेय. बोलणं वाढलं, चालणं वाढलं. एक काम हातात, तर दुसऱ्यावर नजर आणि तिसऱ्याच्या गप्पा. कपाळ दुखायचं, त्यावर तो पागोटं अजून खाली ओढायचा. "अंगात वारं शिरल्यावानी काहून करून राहिले तुमी?" जिवनबाई म्हणायची. तो म्हणायचा, "बरा झालो मी, जिवने. आता मला कोणाची गरज न्हाई." तिला छत्रीची आठवण करून देणारा माणूस आवडला होता. हा कोण आलाय, हे तिला कळेना.

ते दिवस भारनियमनाचे. लाइन दिवसातून थोडा वेळ यायची, आणि ती आली की सगळं शिवार मोटारीकडं धावायचं. अशात संतराम नावाच्या शेतकऱ्याच्या आखाड्याकडं एक तार तुटली. प्रेमदास आणि रूपसिंग सकाळीच गेले. प्रेमदासनं काठीनं तिन्ही नळ्या उतरवल्या आणि दोन्ही हातांनी दाजींच्या हातात दिल्या. जुन्या सवयीनं रूपसिंगनं आरशाची पट्टी डीपीच्या खांबाला बांधली. प्रेमदास वायर खांद्यावर टाकून गेला. काम बरंच पुढच्या खांबावर होतं, आणि मधे ऊस उभा होता. डीपीखालून तो खांब दिसत नव्हता.

रूपसिंग उभा राहिला. थोडा बसला. परत उठला. नळ्या या हातातून त्या हातात. एक साळुंकी आली, तिच्याकडं बघितलं. खांबावरचा तांबडा रंग उडालाय, रंगवला पाहिजे. किशनरावांचा गुडघा कसा आहे, विचारलं पाहिजे. बॅटरीतलं पाणी आटलंय. ऊन चढलंय. कपाळ ठणकतंय. असं करत करत त्याचं मन कुठल्या कुठं गेलं.

तेवढ्यात संतराम आला, घाईनं, धोतर खोचत. "अरे रूपसिंग, तू खाली हायस व्हय? मंग लाइन काहून बंद? जाईल की रे आता लाइनीचा टाइम, दोन वाफे ऱ्हायले माझे."

रूपसिंगनं हातातल्या नळ्यांकडं बघितलं. आपण या घेऊन का उभे आहोत? काम झालं असणार. त्यानं एक नळी काठीच्या टोकाला अडकवली. काठी उचलता उचलता आरसा डोळ्यांत चमकला आणि हात थांबला. आरसा म्हणजे वर कोणीतरी आहे.

"आरसा हाय," तो म्हणाला.

संतराम हसला. "आरसा तुझा. आन् तू त् हितं माझ्यापुढं उभा."

बरोबर होतं. वीस वर्षं त्या आरशाचा एकच अर्थ होता, रूपसिंग वर आहे. सगळ्या शिवाराला तोच ठाऊक आणि रूपसिंगलाही तोच. रूपसिंग तर खाली उभा आहे. म्हणजे वर कोणी नाही. पट्टी काढायची राहिली असेल, आपण हल्ली विसरतो ना. त्याला स्वतःच्या हुशारीचं बरं वाटलं. त्यानं काठी सरळ केली आणि नळी डीओकडं नेऊ लागला.

"वर कोण हाय?"

जिवनबाईचा आवाज होता. डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन ती बांधावरून येत होती, आणि तिला वर गेलेली काठी दिसली होती.

"वर कोण हाय?" ती परत ओरडली. गाठोडं खाली पडलं. ती धावत सुटली.

"कोणी न्हाई," रूपसिंग म्हणाला. "मी त् हितं हाय."

"माझा भाऊ कुठाय? प्रेमदास कुठाय? वर कोण हाय सांगा!"

तो तिच्याकडं बघत राहिला. मग उसाकडं बघितलं. आणि मग वायर खांद्यावर टाकून जाणारी एक पाठ त्याला आठवली. काठी होती तिथंच थांबली. जिवनबाईनं दोन्ही हातांनी ती धरली, हळूहळू खाली घेतली आणि टोकाची नळी काढून छातीशी धरली. संतराम दोन पावलं मागं सरला.

थोड्या वेळानं उसातून शीळ घालत प्रेमदास आला. सांडलेल्या भाकरी बघून म्हणाला, "काय झालं, बाई, ठेच लागली का?" त्यानं भाकरीची माती झटकली, एक दाजींपुढं धरली. "जेवा की दाजी." रूपसिंगनं पागोटं काढून तोंडावर धरलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. तेव्हा जिवनबाईला त्याचं कपाळ दिसलं. दोन्हीकडं भाजल्याचे काळे-लाल डाग होते.

घरी आल्यावर तिला गोठ्यात बॅटरी सापडली, ती तिनं दगडानं फोडली नाही, शेजाऱ्यांना बोलावलं नाही. बॅटरी, फोम, वायरी सगळं पोत्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी पोत्यासकट नवऱ्याला घेऊन नांदेड गाठलं.

उझ्मानं ते पोतं बघितलं, कपाळ बघितलं आणि ती आधी घाबरलीच. औषध लावलं, प्रश्न विचारले, मग आपल्या मोठ्या सरांना फोन केला. रोग्याला इजा झाली असेल तर कुणाला काय मिळालं ते उघडून बघता येतं. ती फोनवर बराच वेळ होती. परत आली तेव्हा तिनं खुर्ची ओढून रूपसिंगच्या अगदी समोर घेतली.

"काका, तुम्हाला झिरो नव्हता. तुमचा करंट खरा होता. रोज, पूर्ण वेळ."

रूपसिंगला ऐकू आलं, पण पटेना. "मंग मुंग्या काहून थांबत व्हत्या?"

"कातडीला सवय होते. मावशींच्या हातात बलोये आहेत, त्यांना ते दिवसभर जाणवतात का?"

जिवनबाईनं आपल्या पांढऱ्या बांगड्यांकडं बघितलं. खरंच जाणवत नव्हत्या.

रूपसिंगनं पोत्यातल्या बॅटरीकडं बघितलं. हयातीत एकदा, फक्त एकदा, त्याच्या वाट्याला खरं काही आलं होतं, आणि त्यालाच ते ओळखता आलं नाही. बाकीच्या जगानं त्याला झिरो म्हटलं ते सोडा, इथं तर त्यानंच स्वतःला म्हटलं होतं. "मंग मी त्या करंटनं बरा व्हत व्हतो?" त्यानं विचारलं.

उझ्मा खोटं बोलली नाही. "ते मला सांगता येणार नाही. करंटनं असेल, सरावानं असेल. एका माणसावरून कळत नाही, म्हणून तर इतके लोक घेतले. पण तुम्ही घरी जे घेतलं त्यानं वाईट झालं. झोप उडाली, डोकं भरकटलं. हे जास्त दिलं म्हणून जास्त होत नाही, काका. उलटंसुद्धा होतं." मग म्हणाली, "आणि आता तुमचे आकडे अभ्यासात धरता येणार नाहीत. बाहेरचा करंट घेतला ना."

"म्हंजी काढलं मला?"

"हो."

"म्हंजी झिरो," रूपसिंग म्हणाला. यावर उझ्माच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंच तिची समजूत काढली, "असू द्या मॅडम. सवय हाय."

तांड्यात परत आल्यावर त्यानं प्रेमदासला समोर बसवून काय घडलं, काय घडणार होतं, ते सगळं आपल्या तोंडानं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळला, पण धागा सोडला नाही. प्रेमदास कितीतरी वेळ जमिनीवर काडीनं रेघा मारत राहिला. मग उठून आत गेला, खुंटीवरची आरशाची पट्टी आणली आणि दाजींच्या मांडीवर ठेवली. "नळ्या आता माझ्यासंगं वर जातील," तो म्हणाला. "पण ही तुमीच बांधा. माझी गाठ न्हाई बसत."

कपाळाचे डाग हळूहळू फिके पडले. झोप परत आली. आठवण काही आली, काही नाही. नळ्या रूपसिंग स्वतःच्या हातानं प्रेमदासच्या पिशवीत घालतो, पिशवी त्याच्या गळ्यात अडकवतो आणि मगच त्याला जाऊ देतो. पट्टी बांधून डीपीखाली बसतो. जिवनबाईला शेतात काम नसलं की तीही येऊन बसते, तुरी सोलत नाहीतर काही निवडत. मधून मधून मान वर न करता विचारते, "वर कोण हाय?"

"प्रेमदास हाय," तो म्हणतो.

थोड्या वेळानं परत. "वर कोण हाय?" "प्रेमदास हाय." येणारेजाणारे हसतात. संतराम तेवढा हसत नाही. तो आला की बांधावरच उभा राहतो आणि आधी हेच विचारतो.

एक दिवस जिवनबाईचा हात कामात होता, बोलता बोलता ती आपल्याच विचारात गेली. ऊन कलायला लागलं. उसात वारा शिरला होता, पलीकडून प्रेमदासची शीळ ऐकू येत नव्हती. रूपसिंग चुळबुळ करायला लागला. उठला, बसला. आरशाकडं बघितलं, उसाकडं बघितलं, हाताची बोटं एकमेकांत अडकवून घट्ट आवळली. शेवटी त्यानं तिचं मनगट धरलं.

"जिवने, इचार की."

"काय?"

"तू इचारलं न्हाई त् वर कोणीच न्हाई होऊन जातं."

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या आणि विचारलं.